पाठीला पाय

"कोठी दुखते ते सांगू नको. पायाले समजते."

एवढं बोलून ती उजवा पाय डाव्या पोटरीवर पुसायची, दाराची चौकट एका हाताने धरायची आणि ओसरीत पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेवर तो पाय हळूच टेकवायची. एकदा, दोनदा, तीनदा. अंगाचं वजन कधी टाकायची नाही. टाच थोडी डावीकडे, थोडी खाली सरकायची आणि एका जागी थांबायची. खालचा माणूस "हं, तेच" म्हणायचा. थोड्या वेळाने तो उठायचा आणि कंबर चाचपत घरी चालत जायचा.

तिचं घर आमच्या घरासमोरच होतं, त्यामुळे हे सगळं मला आमच्या ओसरीतून फुकटात दिसायचं. मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा फार सभ्य शब्द झाला. मी जळायचे.

का जळू नये, तुम्हीच सांगा. मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरला राहून शिकले, परत आले आणि आमगावला स्टेशनच्या रस्त्यावर दवाखाना टाकला. गाव जवळच, म्हणून स्कूटीने जाऊन-येऊन असते. दवाखान्यात टेबल आहे, शेकाचं मशीन आहे, भिंतीवर माणसाच्या स्नायूंचा रंगीत तक्ता आहे. पेशंट आला की मी त्याला विचारते, कुठे दुखतं, कधीपासून, वाकल्यावर की बसल्यावर, पायात मुंग्या येतात का. दोन पानांचा फॉर्म भरते. पेशंट सगळ्याची नीट उत्तरं देतो आणि शेवटी म्हणतो, "तसं म्याडम, बाईनं पाय लावला तवापासून बहुत कमी हाये."

मग इथे कशाला आलात?

"पोरानं पाठवलं."

पायाळू माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. जन्मताना ज्याचं डोकं नाही, पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. कमरेत उसण भरली की पायाळूने पाठीला तीनदा पाय लावायचा, हा उपाय माहीत नसलेलं घर आमच्याकडे शोधून सापडणार नाही. त्यात हा धानाचा मुलूख. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बाया सकाळपासून बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या चिखलात वाकलेल्या असतात. संध्याकाळी त्यांच्या पाठी सरळ व्हायला तयार नसतात. अशा वेळी समोरच्या ओसरीत रांग लागायची. गोंदियाहून गाड्या घेऊन लोक यायचे आणि नेमके माझ्याच फाटकाशी थांबून मलाच विचारायचे, "दीदी, वो पैरवाली बाई का घर कौन सा है?" मी बोट दाखवायचे. ते बोट दाखवताना मला काय वाटायचं ते माझं मला माहीत.

अंगाने ती बारीक होती, पण पाय मात्र एखाद्या उंच माणसाकडून उसने आणल्यासारखे. रुंद, सपाट, बोटं एकमेकांपासून फाकलेली. चप्पल तिच्या पायाला कधी नीट बसली नाही.

नुसत्या पायावरच तिचं थांबलेलं असतं तर मी अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडलं असतं आणि मोकळी झाले असते. पण तिच्याकडे बाकीचंही पुष्कळ होतं. झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तळपायांना ती तूप लावून काशाची वाटी घासायची. वाटीखाली तूप काळं पडायचं, म्हातारा घोरायला लागायचा. रोवणीवाल्या बायांच्या पोटऱ्यांना मोहाच्या बियांचं तेल. आमच्याकडे त्या बियांना टोरी म्हणतात. तेल थंडीत थिजतं, म्हणून ती ते आधी कोमट करायची. बिड्या वळणाऱ्या बायांची मान दिवसभर सुपावर झुकलेली असते. त्यांच्या मागे बसून ती अंगठा मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत इतका सावकाश न्यायची की पाहणाऱ्यालाच जांभई यावी. बाळंतिणीचं पोट आणि कंबर तिच्याच हातात, आणि बाळाला उताणं पायांवर घेऊन चोळणंही तिच्याकडेच.

आता मालिशने स्नायू सैल होतो, रक्त फिरतं, दुखणं सुसह्य होतं, झोप लागते, हे मीही पेशंटला सांगते. माझ्या पुस्तकात ते लिहिलेलं आहे. पण तिने पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि तरी तिचं सहसा चुकत नव्हतं. हे माझ्या डोळ्यांत खुपायचं. मी तिच्या चुकीची वाट पाहत होते, हे कबूल करते. कधीतरी ती सुजलेल्या पायावर चोळेल, मोडलेलं हाड दाबेल, आणि मग लोकांना कळेल.

एकदा तशी संधी आली. राइस मिलमधला एक माणूस पाय ओढत तिच्याकडे आला. प्लास्टर काढून थोडेच दिवस झाले होते, बरेच दिवस पडून होता आणि आता पोटरी दुखत होती. मी ओसरीत उभी राहून पाहत होते. तिने पाय टेकवला, लगेच काढून घेतला, वाकली आणि हाताची मागची बाजू पोटरीला लावली.

"हे गरम हाये. माह्यं काम नाई," ती म्हणाली. "कोणाले चोळू देऊ नको. समोर डाक्टरीन हाये, तिले दाखव."

मी पाहिलं. एकच पोटरी सुजलेली, तापलेली, ताणलेली. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि अशा पायावर मालिश म्हणजे जिवाशी खेळ. मी फोन केले, गाडी बोलावली, त्याला गोंदियाला रवाना केलं. गाठच निघाली. माणूस वाचला.

गावात काय बोललं गेलं? बाईच्या पायाने ओळखलं. ती स्वतः घरोघर सांगत होती की वाचवलं डाक्टरीनने, मी तर हात लावला नाही. त्यावर लोक म्हणाले, पाहा, मनाची किती मोठी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आईचा खांदा आखडला. हात वर जाईना, पदर सावरता येईना. मी तिला भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला आणि दर रविवारी हात पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायला लागले. खुणा वर वर सरकत गेल्या. मला इतका अभिमान वाटला की त्या भिंतीचा फोटो काढून मी दवाखान्यात लावला. मग एके दिवशी लाइट गेली म्हणून दुपारीच घरी आले. आई पाटावर बसलेली, पोलक्याची एक बाही उतरवलेली, आणि मागे ती, दोन्ही हात तेलाने माखलेले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रोज," आई म्हणाली. "तू गेल्यावर."

"आणि भिंतीवरचा व्यायाम?"

"तो बी केला ना. तुझं बी केलं, तिचं बी केलं."

"मग बरं कोणामुळे वाटलं?"

"ते खांद्याले इचार," आई म्हणाली. मग माझं तोंड पाहून जरा नरमली. "तू बी चांगलं करतेस बाई. पण तू घड्याळ पाहून राहतेस. ती पाहत नाई."

ती उठली. तेलाची वाटी उचलून हळूच निघून गेली. त्या दिवशी मी ठरवलं की हिचं पितळ उघडं पाडायचं.

पितळ आपण होऊन माझ्या दवाखान्यात चालत आलं. सौंदडकडच्या एक आजी आमगावला मुलीकडे राहायला आल्या होत्या आणि गुडघ्यासाठी माझ्याकडे येत होत्या. माझ्या गावाचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, आमच्या गावची एक पोरगी तिथे दिलेली आहे. खुणा पटल्या. ती समोरचीच.

"ती पायाळू आहे ना?" मी सहज विचारलं.

आजी हसल्या. "ते कायची पायाळू? तिच्या मायचं बाळंतपण झालं तवा मी तेथी होती. साजरी डोक्यानं आली. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

त्या दिवशी मी आजींना दहा मिनिटं जास्त शेक दिला.

घरी आले ती स्कूटी लावून थेट समोर. ती ओट्यावर बसून काशाची वाटी राखेने घासत होती. ऊन उतरलेलं होतं, ओसरीत कोणी नव्हतं. मी बसलेसुद्धा नाही.

"काकी, तू पायाळू नाहीस."

तिने वाटी उजेडात धरून पाहिली. "नाई," ती म्हणाली.

मी रस्ताभर किती पुरावे जमवले होते, सगळे वाया गेले.

"बस," ती म्हणाली. "उभी काऊन हास?"

मी बसले. तिने सांगितलं ते असं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. स्वयंपाक वाईट, सारवण वाईट, चालणं वाईट. पहिल्याच रोवणीत सासऱ्याला बांधीत उसण भरली. त्याला खाटेवर घालून घरी आणलं. गावातला पायाळू म्हातारा वर्षापूर्वी गेलेला. अंगणात माणसं जमली आणि कोणीतरी विचारलं, दुसरा पायाळू कोण आहे?

"मी म्हणलं, मी हाव. काऊन म्हणलं, मले आजवर समजलं नाई. तोंडातून निंगून गेलं."

तिने पाय लावला. सासरा दोन दिवसांत उठून बसला. मला ठाऊक आहे, उसण पुष्कळदा दोन-तीन दिवसांत आपली आपण उतरते. पण श्रेय पायाला मिळालं.

"तवा सासूनं मले पहिल्यांदा बसाले पाट देल्ला," ती म्हणाली. "मंग लोकं येऊ लागले. मी बहुत भेली. पाय खोटा होता माह्या, म्हणून त्याले शिकवा लागलं. कोठी मास कडक हाये, कोठी माणूस श्वास धरते, कोठी हात लावू नये. दहा वर्षं गेली शिकण्यात."

  तिने वाटी खाली ठेवली आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"खरा पाय तुझा हाये."

"म्हणजे?"

"तुझे पाय आधी आले. मीच धरले ना. निळी पडली होती तू, रडत नव्हती. मी तुझे तळवे चोळून चोळून लाल केले, तवा रडली. तुझ्या मायनं मले शपथ घातली. पोरगी हाये, लोकं जवा पाह्यलं तवा ओढून नेतील, कोणाले सांगू नको. मी कायले सांगते? माह्यंच बंद झालं असतं." ती हसली. मग हसू थांबलं. "तू अंगणात धावत राहायची अन् मी तुझे पाय पाहत राहायची. बहुत जळत होती मी तुझ्यावर. नागपूरले गेली तवा बरं वाटलं."

एवढी वर्षं मी ओसरीतून तिच्याकडे पाहत होते आणि ती तिच्या ओसरीतून माझ्याकडे. मधे फक्त एक गल्ली होती.

"सांगशील कोणाले?" तिने विचारलं.

मी "नाही" म्हणाले. माझ्या मोठ्या मनाची तारीफ करू नका. हिचं खोटं सांगायचं तर माझं खरंही बाहेर आलं असतं, आणि मग नागपूरची पदवी बाजूला ठेवून लोकांनी मला चौकट धरून उभं केलं असतं.

घरी येऊन आईला विचारलं. आई भाजी चिरत होती. "होय, आधी पाय आले," ती म्हणाली. "मंग? चालता येते ना नीट?" विषय संपला.

त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी जरा जपून वागायला लागलो. ती समोरून जाताना हात हलवायची, मीही हलवायचे. मनातली जळजळ गेली असं मात्र नाही. उलट तिला आता नवीन फाटा फुटला. पूर्वी वाटायचं, हिला देवाने दिलंय, मला नाही, त्याला कोण काय करणार. आता कळलं होतं की दिलेलं मला होतं. तिच्याकडे होतं ते तिने मेहनतीने मिळवलेलं. म्हणजे मेहनतीतही ती माझ्या पुढे, आणि मेहनत हा तर माझा एकमेव मुद्दा होता.

पुढच्या वर्षी रोवणी आटोपल्यावर एका दुपारी ती माझ्या दवाखान्यात आली. पहिल्यांदाच. बाकावरच्या बाया तिला पाहून उठून उभ्या राहिल्या, माझ्यासाठी कधी राहिल्या नव्हत्या. एकीने तिथेच मान पुढे केली, जरा पाहा म्हणून. "येथी नाई," ती म्हणाली. "हे तिचं घर हाये." आणि आपला नंबर येईपर्यंत भिंतीशी बसून राहिली.

आत आल्यावर मी फॉर्म घेतला. तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं शाळेतल्या मुलीसारखी दिली. कंबर, डावीकडे, दोन वर्षांपासून, उभं राहवत नाही. मी तिला टेबलावर पालथं झोपवलं आणि पाठीवर हात ठेवला. डावी बाजू लाकडासारखी झाली होती. त्याचं कारण मला लगेच कळलं. चाळीस वर्षं ही बाई दुसऱ्याच्या पाठीला उजवा पाय लावताना डाव्या पायावर तोलून उभी होती. गावाच्या कमरांचं दुखणं तिच्या कमरेत येऊन बसलं होतं.

मी दाबायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "हातानं नको."

"मग?"

"पाय लाव. तीनदा. येवढ्यासाठीच आली मी." तिचं तोंड टेबलाच्या उशीत होतं, म्हणून आवाज दबका येत होता. "माह्या पाठीले आजवर कोणी पाय लावला नाई. गावात पायाळू म्हणजे मीच. अन् माह्या पायाचं तर मले माहीत होतं. मी कोणाले सांगू?"

तिने स्वतःच्या मेहनतीने तयार केलेला पाय हजारोंच्या पाठींना पुरला, पण स्वतःच्या पाठीसाठी तिला खरा पायाळू हवा होता. इतकी वर्षं तो समोरच्या घरात होता आणि तिला मागता येत नव्हता.

मी म्हणाले, "काकी, या वयात हाडं ठिसूळ होतात. पाय नाही ठेवता येत. मणका दबला तर?"

पुस्तकाप्रमाणे हे बरोबर आहे. कोणत्याही परीक्षेत या उत्तराला पूर्ण मार्क मिळतील. पण पाठीवर उभं राहायचं नव्हतं. नुसता पाय टेकवायचा होता, ती टेकवायची तसा. तेवढ्याने पापडही मोडला नसता, आणि ते मी लहानपणापासून पाहत आले होते.

खरं कारण वेगळं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते माझ्याकडेच होतं. आईचा खांदा, मिलमधला माणूस, फाटकाशी थांबणाऱ्या गाड्या, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. नाही म्हणताना मला गोड वाटलं. लिहिताना लाज वाटते आहे, पण गोड वाटलं.

"बरं," ती म्हणाली.

मी तिला वीस मिनिटं शेक दिला. तीन व्यायाम शिकवले. ते तिने मन लावून करून दाखवले, एक चुकला तर परत केला. कागदावर चित्रं काढून दिली. कागदाची घडी करून तिने पोलक्यात ठेवली, चप्पल पायात सरकवली आणि बाकावरच्या बायांना "जाते बाई" म्हणत बाहेर पडली. खिडकीतून मला ती रस्ता ओलांडताना दिसली. डावा पाय जपून टाकत होती.

दिवाळीनंतर तिला उभं राहणंच जमेना. राजनांदगावहून मुलगी आली आणि तिला घेऊन गेली. गाडीत बसताना तिने आमच्या घराकडे पाहून हात हलवला. मी ओसरीत होते, मीही हलवला. काहीच दिवसांत माझ्या दवाखान्यात गर्दी वाढली. ज्या बायांनी मला कधी विचारलं नव्हतं त्या माझ्या टेबलावर झोपायला लागल्या, फॉर्म भरायला लागल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मला त्याचा आनंदही झाला. हेही लपवत नाही.

थंडी ओसरायला लागली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी दवाखान्यातून आले तर आई ओसरीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण निवडत नव्हती. राजनांदगावहून फोन आला होता. सकाळी गेली. झोपेतच.

समोरच्या दाराला कुलूप होतं. दारात कोणीतरी टेकवून ठेवलेली खाट तशीच होती. मी पायरीवर बसून चपलेचा पट्टा सोडवायला लागले.

"शेवटी शेवटी पाठ बहुत दुखत होती तिची," आई म्हणाली. "मले म्हणे, पोरीले इचारू का? मले लाज वाटते. मीच म्हणलं, जा. माह्या पोरीचं तोंड तिखट हाये, पण ती तुले नाई म्हणणार नाई."

मी पट्ट्यावर वाकले.

"लावला होता ना तू पाय?"

चपलेचा पट्टा सुटत नव्हता.

"हो," मी म्हणाले. "तीनदा."

"बरं केलं," आई म्हणाली, आणि सूप जवळ ओढून तांदूळ निवडायला लागली.